सभासद दोनशे, शेजारी आठशे

पाऊस जोर धरतो, हार्बर ठप्प होते आणि मास्टोडॉनच्या (एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरांचं सोशल नेटवर्क) छोट्या मुंबईकर सर्व्हरवरची 'कुर्ल्याला रुळांवर पाणी' ही पोस्ट शेकडो जण पुढे पाठवतात. सर्व्हर धापा टाकू लागला की चालवणारा आधी रॅम वाढवतो. दुखणं बहुधा तिथे नसतं.

हिशेब मांडू. पोस्ट टाकणाऱ्याचे 5,000 फॉलोअर 800 सर्व्हरवर विखुरलेत. हे सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्या ॲक्टिव्हिटीपबमध्ये 'शेअर्ड इनबॉक्स'ची सोय आहे: सोसायटीच्या गेटवर एक गठ्ठा ठेवायचा, घरोघरी वाटप वॉचमनचं. म्हणजे खेपा 800 च. रांगेतली कामं पडद्यामागे उरकणाऱ्या साइडकिकचे 25 थ्रेड (एकाच वेळी राबणारे हात) आणि खेपेला अर्धा सेकंद धरला, तर 16 सेकंदांत काम संपतं. पण त्यातले 100 सर्व्हर नुकतेच बंद पडलेत आणि प्रत्येकापाशी थ्रेड 10 सेकंद ताटकळतो असं धरा. जिवंत 700 ना लागले 14 सेकंद, मेलेल्या 100 ना 40! वर त्या खेपा पुन्हा पुन्हा रांगेत येतात. सात वेगवेगळ्या दिवशी अपयश आल्यावरच मास्टोडॉन त्या सर्व्हरचा नाद सोडतो.

म्हणून बाहेरच्या खेपांच्या 'पुश' रांगेला वेगळी साइडकिक प्रोसेस द्या. आपल्याच सभासदांच्या टाइमलाइन 'डीफॉल्ट' रांगेतून भरतात. ती पुशमागे अडकली की लोकांना सर्व्हर मेल्यासारखा वाटतो. ठरल्या वेळची कामं सोडणारी 'शेड्यूलर' रांग मात्र एकाच प्रोसेसमध्ये ठेवा. थ्रेड वाढवले की डेटाबेस पूलही (डेटाबेसशी राखून ठेवलेली कनेक्शन) तितकाच वाढवावा लागतो, आणि पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा 100 कनेक्शनची. पंचवीस-पंचवीसच्या चार प्रोसेस लावल्या की वेबसाठी काहीच उरत नाही. तिथे थोडी कनेक्शन अनेकांत फिरवणारा पीजीबाउन्सर लागतो, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (एक व्यवहार संपला की कनेक्शन दुसऱ्याला). पीजीबाउन्सर 1.21 च्या आधीचा असेल आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरी) बंद करायला विसरलात तर एररचा पाऊस.

डिस्कचं थोडक्यात: बाहेरून आलेले फोटो-व्हिडिओ आपल्याकडेही साठतात. सात दिवसांपेक्षा जुने काढणारी 'टूटसीटीएल'ची (मास्टोडॉनचं देखभालीचं हत्यार) कमांड क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, टाका. प्रोफाइल फोटो तिने आपोआप जात नाहीत, त्यांना वेगळा पर्याय द्यावा लागतो.

थोडक्यात, भार सभासद किती यावरून कमी आणि शेजारी सर्व्हर किती यावरून जास्त ठरतो. दोनशे माणसांच्या सर्व्हरलाही 800 दारं हिंडावी लागतात, वीस हजारांच्या सर्व्हरला माणशी तोच खर्च किरकोळ पडतो. लोक मोठ्या सर्व्हरकडे ओढले जातात त्यात आळस आहेच, पण हे गणितही आहे. माझं मत, दर पेठेचा सर्व्हर काढण्यापेक्षा चार-पाच गटांनी मिळून एक चालवावा. फक्त डोमेन आधी ठरवा, नंतर बदलता येत नाही. आणि खातं हलवलं तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मागेच राहतात, हे सभासदांना पहिल्याच दिवशी सांगा.