पान मावेल एवढी स्क्रीन

शनिवार, रात्री उशिरा

जुन्या लॅपटॉपवर आता प्रुफं वाचवत नाहीत, नवा घ्यायचा आहे. स्क्रीन १५.६ इंची, रेझोल्यूशन (आडव्या-उभ्या ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची संख्या) १३६६ बाय ७६८, म्हणजे इंचाला जेमतेम शंभर पिक्सेल. ईमेल, बँकेची कामं, एखादं व्याख्यान ऐकणं यांना तेवढं पुरतं. मुद्रितशोधनाला पुरत नाही. 'सर्वांनी' हा शब्द घ्या. त्यात कान्याच्या डोक्यावर रफार आणि रफाराला खेटून अनुस्वार. या स्क्रीनवर दोन्ही मिळून एक काळसर ठिपका होतो, आणि अनुस्वार आहे की राहिला हे ठरवायला दरवेळी पान मोठं करून बघावं लागतं. 'उद्ध्वस्त'मध्ये द, ध, व यांची अशी गिचमिड होते की कुणी 'उध्वस्त' लिहिलं असेल तर सहज नजरेतून सुटेल. आणि माझं काम तर नेमकं तेच पकडायचं आहे.

थोडा हिशेब मांडला. बारा पॉइंट म्हणजे इंचाचा सहावा भाग. इंचाला शंभर पिक्सेल असतील तर बारा पॉइंटच्या ओळीतल्या अक्षराला वरपासून खालपर्यंत सोळा-सतरा पिक्सेल मिळतात. तेवढ्यात वेलांटी, शिरोरेघ, अक्षराचा गाभा आणि खालचा उकार हे सगळं बसवायचं. रोमन लिपीचं तेवढ्यात भागतं, कारण तिची गर्दी आडवी असते. विंडोजमधलं अक्षर रेखीव करणारं क्लिअरटाइपही तिलाच जास्त उपयोगी पडतं: प्रत्येक पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्या सुट्या वापरून ते बारकावा वाढवतं, पण फक्त आडव्या दिशेनं. आपली गर्दी उभी. तिथे असली युक्ती फारशी कामाला येत नाही, खरेच पिक्सेल लागतात. लॅपटॉप घेताना मराठी माणसानं रेझोल्यूशनकडे इतरांपेक्षा जरा जास्तच लक्ष द्यायला हवं, असं मला म्हणूनच ठामपणे वाटतं.

मग किती पिक्सेल पुरेत? भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, फोर-केच घे, म्हणजे प्रश्नच मिटला." त्यालाही हिशेब सांगितला. निरोगी डोळा साधारण एका अंशाचा साठावा भाग एवढं अंतर वेगळं ओळखतो. लॅपटॉप डोळ्यांपासून अर्ध्या मीटरवर असेल तर ते होतं सुमारे ०.१४५ मिलिमीटर, म्हणजे इंचाला १७५ पिक्सेल. त्याच्या थोडं वर गेलं की डोळ्याचं समाधान होतं. चौदा इंचांत फोर-के (३८४० बाय २१६०) म्हणजे इंचाला तीनशेच्याही पुढे. ते बघायला डोळे कुठून आणायचे? आणि तेवढे पिक्सेल हलवायला बॅटरी जळते ती वेगळीच.

आज लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात जाऊन आले. पेन ड्राइव्हवर माझीच एक प्रुफाची पीडीएफ नेली होती, आणि ती फार कामी आली. दुकानातल्या लॅपटॉपवर कायम समुद्र नाहीतर भडक फुलं लावलेली असतात. त्यात कुठलीही स्क्रीन छानच दिसते. दुकानातला मुलगा आधी कुरकुरला. "मॅडम, फुल एचडी आहे, अजून काय बघायचं?" पण पान उघडल्यावर तोही माझ्याबरोबर वाकून बघू लागला. १५.६ इंची फुल एचडी (१९२० बाय १०८०) म्हणजे इंचाला १४१ पिक्सेल. रफार आणि अनुस्वार सुटे दिसले, मात्र 'द्ध' अजून डोळे बारीक करूनच वाचावा लागला. शेजारी १६ इंची २५६० बाय १६०० होता, इंचाला १८९. त्यावर 'उद्ध्वस्त' कागदावर वाचावा तसा वाचला. मुलगा म्हणाला, "हां, इथे दिसतंय." पुढच्या गिऱ्हाइकालाही तो हे दाखवेल, अशी मला आशा आहे.

आकाराचं मात्र मी जाण्याआधीच पक्कं केलं होतं. इंच म्हणजे कर्ण, आणि कर्णावरून उंची कळत नाही; त्यासाठी रुंदी आणि उंचीचं प्रमाण (१६:९, १६:१०, ३:२) बघावं लागतं. चौदा इंची १६:९ स्क्रीनची उंची भरते १७.४ सेंटिमीटर, चौदा इंचीच १६:१०ची १८.८. आणि ३:२ची साडेतेरा इंची छोटी स्क्रीन १९ सेंटिमीटर उंच असते, माझ्या या धिप्पाड १५.६ इंचीपेक्षा केवळ चार मिलिमीटर कमी! वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याला उंचीच हवी असते. टास्कबार, मेनू, टूलबार, ब्राउझरचे टॅब हे सगळे वरून आणि खालूनच कुरतडतात. विंडोज ११ आलं तेव्हा तर टास्कबार बाजूला उभा करायची सोयही काढून टाकलेली होती.

१६:९ मुळात टीव्हीचा आकार. २००८च्या आसपास पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यांनी टीव्ही आणि लॅपटॉप यांच्या काचा एकाच मापाच्या हिशेबानं कापायला सुरुवात केली, ते स्वस्त पडलं, आणि तोवर ४:३ किंवा १६:१० असलेले लॅपटॉप बघता बघता चपटे झाले. आपण सगळ्यांनी दहा-बारा वर्षं कागदपत्रांची कामं सिनेमाच्या चौकटीतून केली. अ‍ॅपलनं आपल्या मॅकबुक प्रोमध्ये १६:१० सोडलं नाही, मायक्रोसॉफ्टनं २०१४च्या सरफेस प्रो ३पासून ३:२ धरलं, आणि २०२०मध्ये डेलच्या एक्सपीएस १३नं १६:१० घेतल्यावर बाकीचेही हळूहळू परतले. मला याचा मनापासून आनंद आहे. फक्त आपल्याकडे स्वस्तातले लॅपटॉप अजून बरेचसे १६:९च आहेत, आणि शाळा-कॉलेजच्या मुलांच्या वाट्याला तेच येतात. ज्यांना दिवसभर वाचायचं असतं त्यांनाच सगळ्यांत बुटकी स्क्रीन, हे मला फार खटकतं.

माझ्या कामापुरतं बोलायचं तर माप डेमीचं. मराठी पुस्तकं बहुतेक त्याच आकारात निघतात, साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे उंची २१.६ सेंटिमीटर. सोळा इंची १६:१० स्क्रीनची उंची २१.५. बघून मी चकितच झाले. पूर्ण स्क्रीनवर डेमी पान जवळजवळ खऱ्या मापाचं दिसतं, आणि रुंदी साडेचौतीस सेंटिमीटर असल्यानं समोरासमोरची दोन पानं एकदम मावतात. डावीकडे लेखकाची प्रत, उजवीकडे प्रूफ, अशीही दोन पानं लावता येतील. टूलबारसाठी तीन सेंटिमीटर सोडले तरी पान ८५ टक्क्यांवर राहतं. १५.६ इंचीवर तेच ७५च्या आसपास, आणि त्या मापाला बारा पॉइंटचं अक्षर नऊ पॉइंटचं होऊन बसतं. रुंदी दोन्हींची सारखीच, तेव्हा टेबलावर जास्तीची जागाही फारशी जात नाही.

३:२ मनातून अजून जात नाही, हेही लिहून ठेवते. सुटं एक पान वाचायला त्याच्यासारखा आकार नाही. पण त्या आकारात इथे पर्याय मोजके, किमती चढ्या, आणि दोन पानं शेजारी लावायला साडेअठ्ठावीस सेंटिमीटर रुंदी जेमतेम. फक्त लिहिणारी असते तर तोच घेतला असता.

स्केलिंगची, म्हणजे विंडोजमध्ये सगळं मोठं करून दाखवण्याची, एक अडचण आहे. २५६० बाय १६००वर विंडोज दीडशे टक्के ठेवावं लागेल, म्हणजे बटणं आणि मेनू १७०७ बाय १०६७ची स्क्रीन असल्यासारखे दिसतील. ते मला हवंच आहे. पण स्केलिंग न कळणारी जुनी सॉफ्टवेअरं त्यात ताणली जाऊन धूसर दिसतात. आमचे डीटीपीवाले (पानं जुळवणारे) काका अजून पेजमेकर आणि श्रीलिपी या जुन्या सॉफ्टवेअरांवर काम करतात. कधीमधी त्यांची मूळ फाइल उघडायची वेळ येते. प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीत जाऊन हाय डीपीआयची सेटिंग बदलता येते. मग अक्षर स्वच्छ, पण मेनू मुंगीएवढे. कधीमधीच्या कामाला चालेल. काकांनी स्वतः असा लॅपटॉप घेऊ नये, हे त्यांना सांगायला हवं.

ओएलईडी, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारी स्क्रीनही पाहिली. चौदा इंची, २८८० बाय १८००. काळा रंग अप्रतिम, अक्षर कोरीव. पण काच चकचकीत, आणि पांढऱ्या पानावर दुकानातली ट्यूबलाइट जशीच्या तशी उमटत होती. माझं टेबल खिडकीला लागून. मला मॅटच हवी, आणि उजेड निदान ३०० निट्स. जुनीचा २२० आहे, दुपारी पडदा ओढून बसावं लागतं.

तेव्हा सोळा इंची, १६:१०, २५६० बाय १६००, मॅट. वजन दोन किलोच्या घरात जाईल, पण माझं काम बहुतेक घरीच चालतं, लोकलमध्ये कोण उघडणार. दुकानदारानं दाखवलेल्या मॉडेलच्याच नावानं दुसरी एक १९२० बाय १२००चीही आवृत्ती येते, आणि डब्यावर ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. इंचाला १४१च पिक्सेल, म्हणजे पुन्हा 'द्ध'शी झटापट. सोमवारी फोन करून पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्यायचा, आणि डबा फोडल्यावर पैसे देण्याआधी डिस्प्ले सेटिंग्ज उघडून आकडा बघायचा. पेन ड्राइव्ह पर्समध्येच ठेवला आहे.