पाडव्याच्या दिवशी फुटलेलं कव्हर

दिवाळी पाडव्याला सकाळी सातलाच शेजारचे आण्णा दारात, हातात पिशवी, पिशवीत औषध मारायच्या पंपाच्या इंजिनचं साइड कव्हर. आम्ही तासगावचे, त्यामुळं काय झालंय ते सांगायला लागत नाही. द्राक्षाची छाटणी होऊन पंधरा-सोळा दिवस, कोवळी पानं, घड नुकते दिसायला लागलेले आणि रात्रभर पाऊस. डावणीचा, म्हणजे पानाघडावर येणाऱ्या बुरशी रोगाचा, स्प्रे त्याच दिवशी बसला पाहिजे, नाहीतर घड हातातनं जातात. आणि कव्हरच्या बोल्टाच्या कानापासनं तडा गेलेला, सगळं तेल खाली. त्यांनी एम-सील लावलं होतं पण तेलकट जागेवर ते धरतंय कुठं, पापुद्र्यासारखं निघालं.

कुपवाडला एमआयडीसीत आर्गनवाले, म्हणजे ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करणारे, आहेत पण दिवाळीत सगळे बंद. माझ्याकडं घरी फक्त गॅसचा टॉर्च आणि ॲल्युमिनियम जोडायच्या दोन रॉड. म्हणलं आण्णा, बघतो, शब्द देत नाही.

पहिल्यांदा घाई केली तीच नडली. पेट्रोलनं पुसलं, तापवलं, रॉड लावली तर तिचा गोळा होऊन पाऱ्यासारखा घरंगळून खाली. ही रॉड जस्त मिसळलेली असते, ३८०-३९० डिग्रीच्या आसपास वितळते, शुद्ध ॲल्युमिनियम ६६० ला, ओतीव त्याच्या थोडं खाली, म्हणून तर हे घरी जमतं, पण ॲल्युमिनियमवर जो ऑक्साइडचा थर असतो तो २००० डिग्रीलाही वितळत नाही, तो ब्रशनं खरवडूनच काढावा लागतो. त्यात ओतीव कव्हर म्हणजे तेल आत मुरलेलं, तापवलं की तड्यातनं काळं तेल वर यायचं. ऑइल सील आणि बेअरिंग आधीच काढून ठेवलं होतं म्हणून बरं.

मग नीट सुरुवातीपासनं. थिनरनं तीनदा धुतलं, तापवायचं पुसायचं, परत तापवायचं पुसायचं, धूर यायचा थांबेपर्यंत. आतनं रॉकेल लावलं आणि बाहेरनं खडू फासला. दहा मिनिटांत खडूवर ओली रेघ उमटली आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण डोळ्याला दिसत होता त्याच्या पुढं बोटभर तडा गेलेला. तो तसाच राहिला असता तर रानात परत फुटलं असतं. जिथं रेघ संपली तिथं ३ एमएमचं भोक पाडलं, म्हणजे तडा पुढं पळत नाही, कानशीनं तड्यावर व्ही पाडला आणि परत थिनर.

ॲल्युमिनियम तापलं तरी लाल होत नाही, अचानक वितळून खाली बसतं. म्हणून कपड्याच्या साबणाची रेघ ओढली, ती काळी पडली की पुरेसं तापलं समजायचं. कव्हर विटेवर ठेवलं, व्हाइसमध्ये धरलं तर सगळी उष्णता लोखंड खातं. साबण काळा पडायला लागला तसा रॉडला ज्योत न दाखवता नुसती कव्हरला टेकवली आणि ती वितळली, वितळल्या वितळल्या स्टीलच्या ब्रशनं आतल्या आत घासलं तर असं चकचकीत पसरलं की कल्हई केल्यासारखं. आण्णा तोवर ओट्यावर बसून एक शब्द बोलले नव्हते.

पाणी मारलं नाही, तासभर तसंच गार होऊ दिलं. काचेवर पॉलिश पेपर ठेवून तोंड सपाट केलं, परत रॉकेल, परत खडू. वीस मिनिटं झाली तरी खडू पांढराच.

हे साइड कव्हरलाच चालतं, हेड किंवा सायलेन्सरच्या बाजूला मी कधीच करणार नाही, तिथल्या उष्णतेला जोड टिकायचा नाही. आण्णांनाही सांगितलं, दिवाळी झाली की हे जस्त सगळं काढून आर्गन मारून घ्या.

दुपारी तीनला त्यांनी इंजिन चालू केलं. अंधार पडता पडता रानातनं फोन, "पोरा, दोन्ही प्लॉट झाले. तेलाचा टिपूस नाही बघ."