ट्रायलमध्ये नाव लागेपर्यंत

पित्तनलिकेचा कॅन्सर, यकृतात पसरलेला, ऑपरेशनचा प्रश्नच नाही. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही नेहमीची केमो, नाहीतर तीच केमो आणि वर एक नवं औषध, पण ते ट्रायलमधून, म्हणजे औषधाच्या चाचणीतून. बायकोने लगेच विचारलं, "म्हणजे काही जणांना नुसतंच सलाईन?" तर तसं नव्हतं. केमो सगळ्यांनाच मिळणार. नवं औषध कोणाला आणि तसंच दिसणारं सलाईन कोणाला, हे संगणक ठरवणार. ते डॉक्टरांनाही कळणार नव्हतं.

संमतीपत्र वाचताना मी आकडे विचारले. 2010 च्या अभ्यासात एका औषधाऐवजी दोन दिल्यावर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगतात तो काळ) 8.1 वरून 11.7 महिन्यांवर गेलं. 2022 मध्ये त्यात ड्युरव्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध घातलं, तर 11.5 ऐवजी 12.8. एवढ्याचसाठी? पण दोन वर्षांनी हयात असलेले शंभरात दहाच्या आसपास होते, ते पंचविसाच्या घरात गेले. मी सही केली ती त्या पंचविसांकडे बघून. (औषध वाढवलं की गुण येतोच असं नाही. याच केमोत नॅब-पॅक्लिटॅक्सेल हे तिसरं केमोचं औषध घालून पाहिलं, तेव्हा त्रास वाढला आणि ठोस फायदा दिसला नाही.)

खरा घाम काढला तो बिलिरुबिनने, म्हणजे कावीळ आणणाऱ्या पित्तातल्या पिवळ्या द्रव्याने. गाठीने पित्ताची वाट अडवलेली, म्हणून दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी नळी, टाकला. बिलिरुबिन ठरलेल्या मर्यादेत आल्याशिवाय नाव लागत नाही. रोज सकाळी आरशासमोर पापणी खाली ओढून पिवळेपणा बघायचा. जरा उतरतंय म्हणेपर्यंत हुडहुडी भरून ताप, स्टेंटमध्ये जंतुसंसर्ग. अँटिबायोटिक संपेपर्यंत सगळं ठप्प. तेवढ्यात आजार वाढला तर, हा विचार झोपू देत नसे.

केमो त्यामानाने सोपी गेली. पहिल्या आणि आठव्या दिवशी डोस, तिसरा आठवडा मोकळा. सिस्प्लॅटिन किडनीला जड, म्हणून आधी-नंतर भरपूर सलाईन. पुढे कानात सतत किणकिण सुरू झाली. किरकोळ समजून गप्प बसलो नाही, नर्सला सांगितलं. सिस्प्लॅटिन थांबवलं, बाकी चालू ठेवलं.

सीटी स्कॅनमध्ये गाठी "स्थिर" आहेत. बायोप्सीचा तुकडा जनुकीय तपासणीलाही गेला होता, त्यात आयडीएच-1 या जनुकातला बदल सापडला. त्यामुळे ही केमो चालेनाशी झाली तर त्या बदलावर काम करणारी आयव्होसिडेनिबची गोळी हा पुढचा पर्याय आहे, असं डॉक्टरांनी फाइलवर लिहून ठेवलंय.