कॉलेजनं भरवलेला मायामीचा चित्रपट महोत्सव

मायामीत दरवर्षी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो आणि तो भरवतं एक कॉलेज: मायामी डेड कॉलेज. डेड हे इथल्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं जुनं नाव. इथे राहायला येईपर्यंत मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एवढा मोठा महोत्सव एखाद्या नामांकित विद्यापीठाचा किंवा शहरातल्या श्रीमंत ट्रस्टचा असेल असंच कुणालाही वाटेल.

हे कॉलेज सुरू झालं 1960 साली, म्हणजे आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्याच वर्षी. पण वाटा अगदी वेगळ्या. इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश परीक्षा देऊन मोजक्याच मुलांना जागा मिळते. इथे शाळा पूर्ण केलेल्या कुणालाही प्रवेश आहे. 2003 पर्यंत नावातच 'कम्युनिटी कॉलेज', म्हणजे आसपासच्या लोकांसाठीचं दोन वर्षांचं कॉलेज, होतं. आता काही विषयांत चार वर्षांची पदवीही मिळते, पण स्वभाव तोच राहिलाय. विद्यार्थी लाखाच्या वर. दिवसभर नोकरी करून संध्याकाळच्या तासांना येणारे, मुलं मोठी झाल्यावर शिकायला बसलेल्या आया, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजात पाऊल टाकणारे. नर्सिंग, विमानांची देखभाल आणि चित्रपटनिर्मिती, सगळं एकाच कॉलेजच्या छत्राखाली.

महोत्सव मात्र कॉलेजनं जन्माला घातलेला नाही. तो 1984 मध्ये शहरातल्या फिल्म सोसायटीनं सुरू केला. नॅट चेडियाक हा क्यूबात जन्मलेला चित्रपटवेडा माणूस त्यामागे होता. स्पेनचा दिग्दर्शक पेद्रो अल्मोदोवार याचं नाव अमेरिकेत फारसं कुणाला माहीत नव्हतं, तेव्हा पहिल्याच वर्षी त्याचा चित्रपट इथे लागला होता. पुढे, या शतकाच्या सुरुवातीला, महोत्सव कॉलेजकडे आला. प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांमधून जागतिक सिनेमा पाहत वाढलेल्या माणसांना यातला जिव्हाळा लगेच कळेल: चार रसिकांनी हट्टानं सुरू केलेलं काम एका शिक्षणसंस्थेनं आपलं मानलं.

स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतले चित्रपट हा या महोत्सवाचा कणा. स्वतंत्र चित्रपटाला मोठ्या स्टुडिओचा आधार नसतो, जाहिरातीला पैसा नसतो, वितरक मिळेल याची खात्री नसते. असा चित्रपट अमेरिकेत येतो तेव्हा त्याला दोन गोष्टी हव्या असतात: तो विकत घेणारं कुणी आणि तो मनापासून पाहणारं कुणी. दुसरी गोष्ट मायामीत भरभरून आहे. इथल्या थिएटरात पडद्यावरचं शहर हे प्रेक्षकांमधल्या कुणाचं ना कुणाचं तरी गाव असतं.

कोलंबियातल्या एका खेड्यावरचा माहितीपट संपल्यावर प्रश्नोत्तरं सुरू होती. एक वयस्कर बाई उठल्या आणि स्पॅनिशमध्ये बोलू लागल्या. सूत्रसंचालक इंग्रजीत सांगायला लागला तसं कळलं, त्यांचा प्रश्न कलेबद्दल नव्हताच. नदीवरचा तो जुना पूल अजून आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. दिग्दर्शिका खाली उतरून त्यांच्याजवळ गेली आणि दोघी तिथेच बोलत राहिल्या. बाकीचं सभागृह शांतपणे थांबलं. मी पाहिलेल्या कुठल्याही चकचकीत महोत्सवात हे झालं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

लिटल हवाना या मायामीतल्या क्यूबन वस्तीतल्या टॉवर थिएटरबद्दल लिहिल्याशिवाय मात्र हे पूर्ण होणार नाही. कॅये ओचो या रस्त्यावर 1926 साली बांधलेलं हे चित्रपटगृह. शेजारच्या बागेत म्हातारे डॉमिनो खेळत बसलेले असतात आणि आसपासच्या उपाहारगृहांच्या खिडक्यांतून छोट्या पेल्यात कडक, गोड क्यूबन कॉफी मिळते. साठच्या दशकात क्यूबातून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा इथे इंग्रजी चित्रपट स्पॅनिश उपशीर्षकांसह दाखवले जायचे. नव्या देशाची पहिली ओळख कितीतरी कुटुंबांना या अंधाऱ्या सभागृहात झाली. 2002 पासून कॉलेज ते चालवत होतं. महोत्सवाचे खेळ तिथे होत आणि वर्षभर कलात्मक चित्रपटही लागत. 2022 मध्ये शहर प्रशासनानं तो करार पुढे न नेता थिएटर आपल्याकडे घ्यायचं ठरवलं. चित्रपटकर्मी आणि नेहमीचे प्रेक्षक विरोधात उभे राहिले, सह्यांची मोहीम झाली, पण निर्णय बदलला नाही. मला याचं आजही वाईट वाटतं. इमारत जागेवर आहे, खेळही होतात. पण कॉलेजनं वीस वर्षं जपलेला तिथला प्रेक्षक एका ठरावानं दुसऱ्याकडे सोपवता येत नाही.

महोत्सव थांबलेला नाही. मायामीच्या मध्यवस्तीत आणि शेजारच्या कोरल गेबल्समध्ये त्याचे खेळ होतात. दक्षिण फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांचे लघुपटही त्यात दाखवले गेले आहेत आणि मला सर्वांत जास्त ओढ आहे ती त्यांची. जगभरातून आलेल्या दिग्दर्शकांच्या बरोबरीनं, दिवसा दुकानात काम करून रात्री संकलन करणारी मुलगी आपलं दहा मिनिटांचं काम मोठ्या पडद्यावर पाहते. पुढच्या रांगेत तिचं सगळं खानदान बसलेलं असतं, आजीसकट.

आपल्याकडे पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात महोत्सव होतात आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण नांदेड, रत्नागिरी, चंद्रपूरच्या कॉलेजांमध्येही सभागृहं आहेत, प्रोजेक्टर आहेत, मोबाइलवर लघुपट करणारी मुलं तर गावोगाव आहेत. तिथल्या एखाद्या प्राध्यापकानं मनावर घेतलं आणि चार दिवसांचे खेळ लावायचे ठरवले, तर मला जरूर कळवा. कार्यक्रम आखायला, दिग्दर्शकांना पत्रं लिहायला मी इथून मदत करीन.