तीन खणांची बैठक

सिमेंटच्या स्लॅबखाली लाकडी तुळया लावणे हे सोंग आहे, हे मला मान्य आहे. तरीही गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या आमच्या सदनिकेच्या बैठकीत मी दोन तुळया लावून घेतल्या, आणि सोंग नीट वठावे म्हणून आधी वाड्यांमधला जुना कडीपाट, म्हणजे लाकडी छत, पुन्हा एकदा लक्षपूर्वक पाहिला.

कडीपाटात तुळई सहसा खोलीच्या आखूड बाजूने टाकलेली असते, कारण लांबी वाढली की लाकूड मध्ये वाकते. तुळयांवर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडे, कड्यांवर फळ्या आणि वर मातीचा थर अशी ती रचना. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, आणि घराचा आकारही पूर्वी खणांतच सांगत. त्यामुळे खोलीच्या लांबीने पाच बारीक तुळया लावण्याची सुतारांची सूचना मी मानली नाही. जी तुळई खऱ्या घरात कोणी तशी टाकली नसती, ती खोट्या घरातही डोळ्यांना खटकते. आमची खोली 15 फूट लांब आणि 11 फूट रुंद आहे. पंख्याचा हूक नेमका मध्यावर असल्याने तीन तुळया घेतल्या असत्या तर मधली त्याच्यावरच आली असती; दोन घेतल्यावर पाच-पाच फुटांचे तीन खण पडले आणि पंखा मधल्या खणात मोकळा राहिला. त्याची दांडी मात्र 18 इंचांची घ्यावी लागली.

भरीव सागवानाचा मोह मलाही झाला होता. पण 6 इंच रुंद, 8 इंच उंच आणि 11 फूट लांब तुळईचे वजन 65 ते 70 किलोंच्या घरात जाते, आणि ते डोक्यावर टांगून खाली निवांत चहा पिणे मला जमले नसते. म्हणून वखारीतून पाडलेल्या वाड्याची एकच तुळई आणली, तिच्या पातळ फळ्या काढल्या आणि त्या प्लायच्या पोकळ खोक्यांवर चिकटवल्या. आतले सगळे खिळे उपसल्याशिवाय गिरणीवाल्याने करवत लावली नाही, हे योग्यच झाले. फळ्यांच्या कडा 45 अंशांत कापून जोडल्यामुळे कोपऱ्यावर सांधा चटकन दिसत नाही. खोक्याची उंची मी 6 इंचांवर आणली, कारण आमचे छत जेमतेम सव्वानऊ फूट आहे.

खोकी ज्यांवर बसतात त्या पट्ट्या अँकर फास्टनरने स्लॅबला धरल्या आहेत. स्लॅबमधून वायरींचे पाइप गेलेले असतात, याकडे आमच्याकडून दुर्लक्ष झाले आणि दुसऱ्याच भोकाला ड्रिलने एक पाइप फोडला. मेन स्विच बंद होता, म्हणून निभावले.

टोकांवर मी सर्वाधिक वेळ घालवला. भिंतीला नुसती टेकलेली तुळई चिकटवल्यासारखी दिसते. त्यामुळे गिलाव्यात अर्धा इंच खाच घेऊन टोके आत सरकवली, म्हणजे ती भिंतीत शिरल्याचा भास होतो. जुन्या खिळ्यांची भोके लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरावीत, असा सुतारांचा आग्रह होता, पण ती मी तशीच ठेवली. पुढच्याच आठवड्यात त्यांपैकी एका भोकातून सोफ्यावर बारीक भुसा पडू लागला, तेव्हा सिरिंजने आत कीटकनाशक सोडून तेवढे एक भोक मेणाने बंद करावे लागले.