एका ‘महा’साठी: ७ नंबरचं नाणं अजून अल्बमबाहेरच

पश्चिमी क्षत्रप राजांच्या नाण्यांच्या माझ्या संग्रहात वीरदामन या राजाचं म्हणून पाकिटात गेलेलं ७ नंबरचं नाणं परत बाहेर काढलंय. मागच्या नोंदीतली कोनमापनाची पद्धत त्यावर सपशेल फसली. का फसली ते कळल्यावर त्याच पद्धतीने वाचलेली आणखी चार नाणीही संशयात आली.

नाणं चांदीचं, २.१८ ग्रॅम, १४.५ मिमी. राजाच्या डोक्यामागे शंभराचं चिन्ह, खाली साठाचं. एकक असायचं तिथे काठच नाही. मागे तीन कमानींची टेकडी. भोवतीच्या ब्राह्मी लेखात ‘क्षत्रपस दामसेनस पुत्रस’ स्वच्छ, पुढे झीज, मग ‘त्रपस वि’, आणि तिथे चकती संपते.

अडचण अशी की दामसेनाच्या मुलांत ‘वि’ने सुरू होणारे दोघे आहेत. वीरदामन शक १५६ ते १६० क्षत्रप (ही धाकटी पदवी, थोरली ती महाक्षत्रप). विजयसेन १६० मध्ये क्षत्रप, पुढे १७२ पर्यंत महाक्षत्रप. (मधला यशोदामन ‘य’मुळे आपोआप बाद.) ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी अक्षराच्या डोक्यावर असते आणि ती काठाबाहेर गेलीय. म्हणजे उमेदवार तीन: क्षत्रप वीरदामन, क्षत्रप विजयसेन, महाक्षत्रप विजयसेन.

जुनी पद्धत आठवत असेल: वडिलांच्या पदवीतल्या ‘क्ष’पासून मुलाच्या पदवीतल्या ‘क्ष’पर्यंतचा कोन मोजायचा, ‘महा’ असेल तर तो वाढतो. आता अक्षरं मोजा. क्षत्रप वीरदामनाचा पूर्ण लेख २६ अक्षरांचा, दोन ‘क्ष’मध्ये १४ घरं (एका अक्षरापासून पुढच्या अक्षरापर्यंत एक घर), म्हणजे १९४ अंश. महाक्षत्रप विजयसेनाचा लेख ३० अक्षरांचा, १६ घरं, म्हणजे १९२ अंश. फरक दोन अंशांचा! ‘महा’ची दोन अक्षरं वाढली तशी नावाचीही दोन वाढली, आणि कोन जिथल्या तिथे राहिला. हाताने कोरलेल्या ठशावर दोन अंशांना काही अर्थ नाही.

मग पूर्ण वर्तुळाचा नाद सोडून जवळचं अंतर धरलं. ‘पुत्रस’चा शेवटचा ‘स’ आणि पुढचा दिसणारा ‘त्र’ यांच्यामध्ये ‘राज्ञः क्ष’ असेल तर चार घरं, ‘राज्ञः महाक्ष’ असेल तर सहा. फोटो १० पट मोठा छापायचा, म्हणजे चकती १४५ मिमी होते. मध्यबिंदू चकतीचा घ्यायचा नाही, कारण ठसा जवळपास नेहमीच सरकलेला असतो. ठिपक्यांच्या कडेवरचे दूरदूरचे तीन ठिपके घेऊन त्यांतून जाणारं वर्तुळ काढायचं आणि त्याचा मध्य धरायचा. मूळ नाण्यावर १ मिमीची चूक झाली तरी कोन ८-१० अंशांनी बिघडतो. ‘पु’, ‘त्र’, ‘स’ या लगतच्या अक्षरांवरून एक घर सुमारे १२.५ अंशांचं निघालं. ‘स’ ते ‘त्र’ भरलं ५० अंश. चार घरं! ‘महा’ नाही.

आणि एकक नसतानाही साल हाती आलं. दामसेनपुत्र, ‘वि’, नुसता क्षत्रप आणि साठाचं चिन्ह हे चारही फक्त शक १६० मध्ये जुळतात. अधिक ७८, म्हणजे इ.स. २३८-३९. तुटलेली तारीख पदवीने भरून काढली, या नाण्यावरची सगळी मेहनत तिथेच वसूल झाली.

नाव मात्र अडलंय. ‘वि’नंतर काठावर एक उभी रेघ उरलीय. ती ‘र’ची असू शकते, किंवा आडव्या रेघा झिजलेल्या ‘ज’ची.

या निमित्ताने लेबलांबद्दल. ‘क्षत्रप’पुढे ‘सुभेदार’ लिहून मोकळं होणं आता बंद करूया. मूळ इराणी शब्दाचा अर्थ राज्याचा रक्षक, आणि हखामनी साम्राज्यात तो खरोखर प्रांताधिकारी होता. आपली वर्तमानपत्रं ‘प्रादेशिक क्षत्रप’ म्हणतात ते त्या अर्थाच्या जवळ जातं. पण आधीच्या क्षहरात घराण्यातला राजा नहपान नाशिकच्या लेण्यात क्षत्रप आहे, जुन्नरच्या वर्ष ४६च्या लेखात महाक्षत्रप, आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर दोन्ही नाही, नुसता ‘राजा क्षहरात’. दामसेनाच्या कार्दमक घराण्यात महाक्षत्रप म्हणजे थोरली पाती आणि क्षत्रप म्हणजे धाकटी. दोघेही ‘राजा’, दोघांच्याही नावाने नाणी. पहिला रुद्रसिंह शक ११० च्या सुमारास महाक्षत्रपाचा पुन्हा क्षत्रप होतो आणि दोन-तीन वर्षांत परत वर चढतो. याच घराण्यातल्या पुढच्या भर्तृदामनानंतर तर कित्येक वर्षं महाक्षत्रप दिसतच नाही, सगळा कारभार क्षत्रपाच्याच नावे. शब्द एकच, पण शक ११०चा क्षत्रप वेगळा आणि शक २३०चा वेगळा. म्हणून लेबलवर पदवी आणि शक शेजारी शेजारी हवेत. प्रदर्शनांतले बरेच विक्रेते नुसतं ‘महाक्षत्रप’ लिहून भाव वाढवतात. ती पदवी बहुतेकदा बापाची असते. ‘पुत्रस’नंतरचं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

अल्बम राजांच्या क्रमाने लावायचा होता, तो बेत हे लिहितानाच बदलला. आता एका ओळीत एक शक: डावीकडे त्या वर्षीचा महाक्षत्रप, उजवीकडे क्षत्रप, नसेल तिथे खण रिकामा. पाकिटं पीव्हीसी नसलेलीच घ्या, स्वस्तातली कालांतराने हिरवट चिकट होतात.

सातव्या नाण्यासाठी आधी राजाच्या चेहऱ्याचा ठसा जुळवायचा विचार होता. तो उपयोगाचा नाही. त्या बाजूला फक्त तारीख आहे, आणि तोच ठसा दोन्ही भावांच्या नाण्यांना वापरलेला असू शकतो. जुळायला हवा तो मागचा ठसा. इथे टेकडीवरच्या चंद्रकोरीच्या बरोबर वर ‘दामसेनस’मधला ‘न’ येतो आणि कोरीचं डावं टोक उजव्यापेक्षा जाड आहे. कुणाकडे शक १६०चा वीरदामन किंवा विजयसेन पूर्ण नावासकट असेल, तर कोरीच्या वर कोणतं अक्षर आहे तेवढं बघून कळवा. फोटो काढताना उजेड डावीकडून, अगदी आडवा ठेवा.