आमची वाटचाल: फरशीपासून सुरू होणारा कॅम्पर

आमचं मूळ काम गाड्यांच्या आतलं. रिकामी व्हॅन वर्कशॉपमध्ये यायची आणि आम्ही तिच्यात पलंग, ओटा, कपाटं, पाण्याची टाकी, वायरिंग असं सगळं बसवून द्यायचो. सुतारकाम माझ्याकडे, वीज धाकट्या भावाकडे. काम नेटकं असायचं आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. पण गाडी न्यायला येणाऱ्यांपैकी बरेच जण सोबत कुत्रा घेऊन यायचे, आणि सगळं बघून झालं की प्रश्न ठरलेला असायचा, "दादा, सगळं छान झालंय, पण ही कुठे झोपणार?"

या प्रश्नातूनच आमचा आजचा व्यवसाय उभा राहिला. आता आम्ही फक्त कुत्र्यांसोबत फिरणाऱ्यांसाठीच कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाड्या, बांधतो आणि त्यातले काही भाड्याने देतो.

कॅम्पर बांधणारे सहसा उभ्या माणसाच्या डोक्याचा विचार करतात. छत किती उंच, दिवा कुठे, कपाटाचं दार कुठे आपटेल. आमचं मोजमाप फरशीपासून सुरू होतं, कारण कुत्र्याचा सगळा प्रवास फरशीवर होतो. गुळगुळीत व्हिनाइल (प्लॅस्टिकचं आवरण) फरशीवर दिसायला सुरेख, पुसायलाही सोपं. पण वळणावर कुत्र्याचे चारही पाय चार दिशांना जातात. तोल सांभाळण्यातच तो दमतो, त्याला गाडी लागते, लाळ गळायला लागते. एक म्हातारी लॅब्रॅडोर आमच्या गाडीत पहिल्यांदा चढली तेव्हा तिने पुढचा एक पाय रबरी मॅटवर ठेवला, जरा दाबून पाहिला, मग दुसरा ठेवला आणि सरळ आडवी झाली. मॅटचा तोच प्रकार आम्ही अजून वापरतो.

दुसरी गोष्ट गॅसची. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. प्रोपेन साधारण दीडपट, ब्युटेन दुप्पट. गळती झाली तर तो खाली साचतो, म्हणजे थेट कुत्र्याच्या नाकाशी. म्हणून आमचा गॅसचा अलार्म फरशीपासून वीतभर उंचीवर असतो आणि सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक असतं. कार्बन मोनॉक्साइडचं तसं नाही. तो हवेत सगळीकडे मिसळतो, त्याला वासही नसतो, म्हणून त्याचा अलार्म वेगळा, झोपण्याच्या उंचीवर. दोन्हींसाठी एकच डबा छताला लावून मोकळं होणं आम्हाला मान्य नाही.

चालत्या गाडीत कुत्रा मोकळा ठेवायचा नाही, यावर आम्ही कुणाशीही तडजोड करत नाही. ताशी 50 किलोमीटर हा वेग म्हणजे साधारण 10 मीटर उंचीवरून पडल्यावर येणारा वेग. त्याला बांधायचा हार्नेस, म्हणजे अंगाला घालायचा पट्टा, छातीचा हवा. गळ्यातल्या पट्ट्याला बांधलं तर सगळा झटका मानेवर येतो. आणि तो अडकवायचा हूक गाडीच्या लोखंडी सांगाड्यात घट्ट बसवलेला हवा, प्लायवूडच्या कपाटात नाही.

उष्णतेबद्दल आम्ही गिऱ्हाइकाशी सगळ्यात जास्त बोलतो. बाहेर 22 अंश असताना उन्हातली बंद मोटार तासाभरात 40 च्या वर जाऊ शकते, आणि वाढ बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, त्याची सगळी भिस्त धापेवर. हवेत दमटपणा असला की तीही अपुरी पडते. लोक म्हणतात, एसी आहे ना! पण 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम 1200 वॉट-तास वीज असते. एसी तेवढ्यावर तास-दोन तास चालेल. छतावरचा पंखा मात्र दोन-तीन अँपिअरवर रात्रभर फिरतो, म्हणून आम्ही प्रत्येक गाडीत तोच आधी बसवतो. कॅम्पग्राउंडवर, म्हणजे गाड्या-तंबूंच्या मुक्कामाच्या जागी, विजेचा खांब असला तरी ब्रेकर कधी पडेल याचा नेम नसतो. तापमान कळवणारा सेन्सर आम्ही देतो, पण नेटवर्क नसलेल्या जागी त्याचा उपयोग नाही. म्हणून आमचं सांगणं एकच: कुत्र्याला गाडीत एकटं ठेवून फिरायला जाऊ नका.

खरी कसोटी मुक्कामाच्या रात्री लागते. दिवसभर गाडीत शांत असलेला कुत्रा कॅम्पग्राउंडवर अंधार पडला की कान टवकारून बसतो. शेजारच्या तंबूची चेन उघडली की भुंकतो, कुणी टॉर्च घेऊन गेलं की गुरगुरतो. बहुतेक ठिकाणी रात्री शांततेचे तास ठरलेले असतात, त्यामुळे मालकाचा जीव टांगणीला लागतो. आम्ही काय करतो? कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरच्या खिडकीला जाड पडदा. त्याचं अंथरूण दारापासून लांब, मागच्या कोपऱ्यात. इन्व्हर्टर त्याच्यापासून शक्य तितका दूर. कुत्र्याला आपल्यापेक्षा दुपटीहून उंच स्वर ऐकू येतात, आपल्याला न जाणवणारी बारीक शीळ त्याला सतावू शकते. आणि घरून आणताना त्याची चादर धुऊन आणू नका, असं आम्ही आवर्जून सांगतो. स्वतःचा आणि घरच्यांचा वास हीच त्याची ओळखीची जागा.

पोचल्यावर घाईने खुर्च्या मांडू नका. आधी चाकांना अडण लावा, मग कुत्र्याला आखूड दोरीवर घेऊन जागेभोवती सावकाश हुंगू द्या. बऱ्याच कॅम्पग्राउंडवर दोरी सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही, रेबीजच्या लसीचा कागद मागतात, विष्ठा उचलावीच लागते. हे नियम जाचक वाटून घेऊ नयेत, ते पाळले जातात म्हणून कुत्र्यांना आत घेतात. झोपण्याआधी कानांमागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल लावू नका, पिळू नका.

आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर 1885 साली बांधलेल्या 'वाँडरर' या घोडागाडीचं चित्र आहे. निव्वळ भटकंतीसाठी बांधून घेतलेल्या पहिल्या कॅरॅव्हॅनपैकी, म्हणजे चाकांवरच्या घरांपैकी, ती एक. स्कॉटिश डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स तिच्यातून इंग्लंड-स्कॉटलंड फिरले, आणि सोबत होता हरिकेन बॉब नावाचा त्यांचा न्यूफाउंडलंड कुत्रा. म्हणजे या प्रवासात कुत्रा पहिल्यापासून आहे. गाड्यांच्या आराखड्यात त्याला जागा द्यायला मात्र आपण फार वेळ लावला, असं मला मनापासून वाटतं.

सध्या आम्ही म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी रॅम्पवर काम करतोय. गाडीची फरशी 60 सेंटीमीटरवर असेल तर 1.8 मीटर लांबीच्या रॅम्पला साधारण 20 अंशांचा उतार येतो. कंबर दुखणाऱ्या कुत्र्याला तोही चढ जड जातो. लांबी वाढवली तर रॅम्प ठेवायचा कुठे, हा प्रश्न. तीन घड्यांचा, पलंगाखाली सरकणारा नमुना तयार आहे. बिजागरीची फट पंजा अडकणार नाही इतकी बारीक झाली की तो गाड्यांत बसवायला घेऊ.